नमुन्याबरहुकूम

माणसाला अखेरीस साडेतीन हात जागा पुरते, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. त्यांनी माझ्या भावोजींना पाहिलं नव्हतं. यावर जाणकार म्हणतात की हात ज्याचा त्याने मोजायचा असतो, तेव्हा हिशेब सगळ्यांना सारखाच. तत्त्व म्हणून ठीक आहे. पण घर बांधणारा स्वतःच्या हाताने मोजतो, आणि त्याचा हात केवढा हे कोणालाच माहीत नसतं.

भावोजी सहा फूट दोन इंच. माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, चार फूट सात. त्यांच्या लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरपुढे दोनच मार्ग होते : भावोजींचं डोकं घ्यायचं, नाहीतर ताईला घ्यायचं. त्याने दोघांना खुर्च्यांवर बसवलं. बसल्यावर ताईचे पाय जमिनीला टेकेनात, तेव्हा त्याने आपली कॅमेऱ्याची बॅग तिच्या पायांखाली सरकवली. फोटोत सर्वांत स्पष्ट ती बॅगच आली आहे.

त्या दिवसापासून ताई जाईल तिथे एक पिशवी नेते. पिशवीत बीजगणिताची जुनी पुस्तकं असतात, सुतळीने घट्ट बांधलेली. बसली की पिशवी पायांखाली. ताईने हयातभर शाळेत गणित शिकवलं. 'बीजगणिताचा आयुष्यात उपयोग काय?' असं पोरं विचारायची, तेव्हा हा उपयोग मात्र तिने कधी सांगितला नाही. वर्गातला फळा ती अर्धाच वापरायची, खालचा. वरच्या अर्ध्यावर एका विद्यार्थ्याने बाकावर चढून तिचं चित्र काढलं होतं. ते वर्षभर राहिलं. साहजिकच आहे.

भावोजी गाद्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. म्हणजे गादीवर आडवं व्हायचं, डोळे मिटायचे आणि थोड्या वेळाने उठून गादीबद्दल मत द्यायचं. कामावर झोपला म्हणून बढती मिळालेला माणूस माझ्या पाहण्यात तेवढा एकच. पण काम चोख. त्या कारखान्याची एक शिस्त होती. प्रत्येक प्रकारच्या गादीचा एक नमुना कुलूपबंद खोलीत ठेवलेला असायचा. तयार झालेला माल त्या नमुन्याशी ताडून बघायचा आणि बोटभर जरी फरक निघाला तरी सगळाच्या सगळा परत पाठवायचा. मालकाच्या मुलीला लग्नात द्यायची गादीसुद्धा भावोजींनी परत पाठवली होती. नवरीने पहिले काही दिवस सतरंजीवर काढले आणि भावोजींची खुर्ची पक्की झाली.

"नमुना म्हणजे दिलेला शब्द," असं भावोजी म्हणत. गाद्यांचा विषय नसला तरी म्हणत.

त्यांच्या घरातला स्वयंपाकाचा ओटा ताईच्या छातीला लागायचा. कांदा चिरायला उभी राहिली की ती आणि कांदा समोरासमोर यायचे. एक स्टूल होतं, पण गुडघे कुरकुरायला लागल्यापासून त्यावर चढणं बंद झालं होतं. मग उरला एकच उपाय.

"अहो!"

"आलो, आलो. मी आहे ना."

साखरेचा डबा, मोठं पातेलं, औषधांची पेटी, पंख्याचं बटण. घरातल्या साऱ्या वस्तू भावोजींच्या उंचीवर नांदायच्या आणि ताई त्यांना हाकेने खाली बोलवायची. आमच्या नात्यात या जोडप्याचं फार कौतुक. एकमेकांवाचून पान हलत नाही म्हणे. आता पान जर वरच्या फळीवर ठेवलेलं असेल, तर ते एकटीने हलणार कसं?

घर तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. परदेशातून भाचीने फोनच्या पडद्यावर येऊन निकाल दिला, "आई, बाबा, आता पुरे. म्हाताऱ्या माणसांसाठी छान छान सोसायट्या झाल्यात. समुद्रकाठी बघा." समुद्र नक्की कोणाला हवा होता, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. ताई समजत होती भावोजींना हवाय, भावोजी समजत होते तिला हवाय. बरीच लग्नं अशीच टिकतात.

माझ्याकडे गाडी आहे आणि मला नाही म्हणता येत नाही, म्हणून सारथ्य माझ्याकडे आलं.

गाडीत ताई मागच्या सीटवर, पिशवीवर पाय ठेवून. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला एकच हवंय. बसल्यावर पाय जमिनीला टेकले पाहिजेत, आणि वरच्या फळीवरचा डबा माझा मला काढता आला पाहिजे. बाकी समुद्र असला तर असू दे, आपलं काही म्हणणं नाही."

"डबा काढायला मी आहे ना," भावोजी पुढच्या सीटवरून म्हणाले. त्यांचे गुडघे हनुवटीजवळ होते.

"आहात. पण तुम्ही अंघोळीला गेलात की साखर वरच राहते."

"मी काय दिवसभर अंघोळ करतो?"

"मग मी काय दिवसभर साखर खाते? हवी तेव्हा हवी असते."

यावर भावोजींनी सीट मागे घेतली. ताईने पिशवी उचलून पुढे ढकलली. सीट पुन्हा पुढे आली. वाटाघाटी संपल्या.

पहिलं ठिकाण म्हणजे किनाऱ्यावरचं एक जुनं हॉटेल. हॉटेल म्हणून चालेना, तेव्हा मालकाने पाटी बदलली होती. लांबलचक व्हरांड्यात वेताच्या खुर्च्यांची रांग, रांगेत म्हातारी माणसं, सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. जणू समुद्र आत्ता काहीतरी बोलणार आहे.

"आमच्याकडे कोणाला काही करावं लागत नाही," तिथल्या व्यवस्थापिका म्हणाल्या.

"करूही देत नाहीत," रांगेतले एक गृहस्थ हळूच म्हणाले.

ताई बसायच्या खोलीतल्या कोचावर बसली. कोच इतका खोल होता की पाठ टेकवली तेव्हा तिचे पाय दुकानातल्या बाहुलीसारखे सरळ समोर आले. पिशवीचाही उपयोग होईना. "अरे, ओढ मला," ती माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली. मी ओढलं.

भावोजी तोवर एका खोलीत शिरून, बूट काढून, पलंगावर आडवे झाले होते. व्यवस्थापिका दारात थांबल्या. त्यांच्याकडे येणारे लोक आधी जेवणाचं विचारतात, मग डॉक्टरचं. न विचारता झोपणारा हा पहिलाच. खूप वेळाने भावोजींनी डोळे उघडले.

"बाई, या गादीवर निदान तीन वेगवेगळी माणसं झोपत आलीत. पहिला जाड होता, दुसरा कुशीवर झोपायचा, आणि तिसऱ्याला झोप लागत नव्हती."

"तुम्हाला काय माहीत?"

"खड्डे आहेत ना. मी आत्ता तिसऱ्याच्या खड्ड्यात होतो. बिचारा."

व्यवस्थापिकांनी आम्हाला फाटकापर्यंत सोडलं. तशी पद्धत नसावी. आम्ही गेल्याची खात्री करून घेतली असावी.

दुसरं ठिकाण एका निवृत्त कप्तानाने काढलं होतं. टेकाडावर लाकडी खोल्या, जहाजाच्या केबिनसारख्या. आत टेबल जमिनीला स्क्रूने पक्कं, खुर्च्या पक्क्या, फुलदाणी पक्की, फुलदाणीतली फुलंसुद्धा पक्की.

"हे सगळं असं का?" मी विचारलं.

"वादळात हलायला नको."

"पण हे जमिनीवर आहे."

कप्तानाने माझ्याकडे दयेने बघितलं. "आज आहे," तो म्हणाला.

तिथल्या पलंगांना माणूस घरंगळू नये म्हणून चारी बाजूंनी उंच फळ्या होत्या. भावोजी आत शिरले ते शिरले. खाली मान, वर पाय, मधे गादी. उठायला टेकू कशाचा घ्यावा हे कळेना. शेवटी कप्तानाने शिट्टी फुंकली आणि दोन रहिवासी सवयीने धावत आले. तिघांनी मिळून भावोजींना वर काढलं. "गादी उत्तम आहे," ते कपडे झटकत म्हणाले, "पण सुटका नाही." ताई खुर्चीत बसून बघत होती. तिचे पाय लोंबकळत होते आणि पिशवी गाडीत राहिली होती. ती काही बोलली नाही. बोलत नाही तेव्हा मी घाबरतो.

तिसरं ठिकाण सर्वांत मोठं. गावाच्या टोकाला ज्येष्ठांसाठी चार इमारती उठत होत्या. एक उभी राहिली होती, बाकीच्या बांबूंच्या आधाराने विचार करत होत्या. खाली विक्री कार्यालय आणि त्यात सजवलेला सॅम्पल फ्लॅट. कार्यालयातल्या बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू एवढं घट्ट बसलेलं होतं की आम्ही आपसात त्यांचं नाव हसऱ्या बाई ठेवलं.

"या काका, या काकू! आमच्याकडे वय वाढत नाही, फक्त अनुभव वाढतो."

"गुडघ्यांचा?" ताईने विचारलं.

हसऱ्या बाई हसल्या. त्या आधीच हसत होत्या, त्यामुळे फरक कळला नाही.

सॅम्पल फ्लॅट खरोखर देखणा होता. प्रशस्त. बसायच्या खोलीत कोच, दोन खुर्च्या, टेबल, आणि तरी वर इतकी मोकळी जागा की नाचावं. टीव्ही पुठ्ठ्याचा होता. कपाटातली पुस्तकं म्हणजे नुसत्या पाठी, एकमेकींना चिकटवलेल्या. ओट्यावर प्लास्टिकची लिंबं. खिडकीत निळाशार समुद्र होता, पण तो फोटो, मागून दिवा लावलेला. आम्ही कार्यालयाच्या मधोमध होतो, तिथे खरी खिडकी काढली असती तर समोर झेरॉक्स मशीन दिसलं असतं.

मी कोचावर बसलो आणि माझे गुडघे वर आले. गेल्या आठवड्यात आपली उंची वाढली की काय, असं मला वाटलं. उठून खुर्चीवर बसलो. तिथेही तेच. मग झोपायच्या खोलीतून भावोजींचा आवाज आला.

"अहो बाई, हा पलंग कोणासाठी आहे?"

मी जाऊन पाहिलं. भावोजी पलंगावर उताणे होते. गुडघ्यापर्यंत पलंगावर, गुडघ्यापुढे हवेत.

"ज्येष्ठांसाठी," हसऱ्या बाई म्हणाल्या.

"ज्येष्ठ म्हणजे वयाने ना? की मापाने?"

"डिझाइन आहे, काका."

डिझाइन असं होतं : खोली मोठी दिसावी म्हणून आतल्या वस्तू छोट्या करून घेतल्या होत्या. कोच, खुर्च्या, टेबल, पलंग, ओटा, फळ्या, सगळं नेहमीच्या पाऊणपट. दारंसुद्धा. माणसं तेवढी छोटी करायची राहिली होती.

एवढ्यात माझ्या लक्षात आलं की ताई बराच वेळ दिसलेली नाही.

ती स्वयंपाकघरात होती. ओट्यापुढे उभी. ओटा तिच्या कमरेला लागत होता, जसा तो जगातल्या इतर बायकांच्या कमरेला लागतो. तिने हात वर केला, टाचा उचलल्या नाहीत, आणि वरच्या फळीवरचा डबा काढला. झाकण उघडलं. डबा रिकामा होता. तिने झाकण लावलं, डबा वर ठेवला. मग परत काढला. परत ठेवला. मी दारात उभा होतो आणि मला उगाच दुसरीकडे बघावंसं वाटलं.

मग ती बाहेर येऊन खुर्चीवर बसली. पिशवी तिने पायांखाली घेतली नाही, शेजारी ठेवली. दोन्ही पावलं जमिनीवर, सपाट. तिने ती थोडी घासून पाहिली.

"हेच घर," ती म्हणाली.

"अगदी बरोबर निवड, काकू! चला, पाचव्या मजल्यावरचा तयार फ्लॅट दाखवते. सेम टू सेम."

आम्ही लिफ्टने पाचव्या मजल्यावर गेलो. तिथे खराखुरा फ्लॅट होता, पलंग-खुर्च्यांसकट विकायला तयार. खिडकीतून समुद्र दिसत होता, खरा, हलणारा. भावोजी पलंगावर पडले आणि त्यांचे पाय आत राहिले. "वा," ते म्हणाले. "कंबर धरून ठेवते. खांदा उपाशी राहत नाही. हे बरं आहे." गादीबद्दल 'बरं आहे' म्हणजे त्यांच्याकडून सोन्याचं पदक.

ताई ओट्यापाशी गेली. ओटा तिच्या छातीला लागला. ती खुर्चीवर बसली, पाय लोंबकळले. तिने मुकाट्याने पिशवी पायांखाली घेतली.

"हे नको," ती म्हणाली. "खालचं द्या."

"खालचं म्हणजे?"

"पाच मजले खाली. लिंबं आहेत ते."

"अहो काकू, तो सॅम्पल आहे. तो विकायचा नसतो."

"मग तसंच वर बांधून द्या."

"अगं, हे चांगलं आहे की," भावोजी उशीवरून म्हणाले. "समुद्र आहे, पाय आत राहतायत. आणि डब्याचं काय, मी आहे ना."

आता एवढ्यावर हसऱ्या बाई गप्प राहिल्या असत्या, तर सगळं मिटलं असतं. भावोजी त्यांच्याच बाजूचे होते. ताई एकटी पडली होती आणि तिला ते कळत होतं. तिची नजर पिशवीकडे गेली होती. पण हसऱ्या बाईंना विजय पुरेना. त्या लाडात आल्या.

"काकू, नमुना हा शेवटी फक्त नमुना असतो हो. माल थोडा वेगळा यायचाच!"

भावोजी उठून बसले.

त्यांना इतक्या चटकन गादीवरून उठताना मी कधी पाहिलं नव्हतं. ताईनेही पाहिलं नसावं.

"काय म्हणालात?"

"म्हणजे थोडाफार फरक..."

"साहेबांना बोलवा," भावोजी म्हणाले.

खाली कार्यालयात तोवर आणखी दोन-तीन जोडपी आली होती. त्यांतल्या एका आजोबांना ऐकू येत नव्हतं आणि त्यांच्या आजी त्यांना प्रत्येक वाक्य दोन खोल्यांपलीकडे जाईल अशा आवाजात सांगत होत्या. मोठे साहेब आतून आले. भावोजींनी त्यांना सॅम्पल फ्लॅटच्या मधोमध उभं केलं.

"हा नमुना तुमचा?"

"हो."

"वर आहे तो माल तुमचा?"

"हो."

"पलंग ताडून पाहिलात? इथला आखूड, वरचा लांब."

"काय म्हणतायत?" आजोबांनी विचारलं.

"म्हणतायत, इथला पलंग आखूड आहे!" आजींनी कळवलं. सगळं कार्यालय पलंगाकडे वळलं.

"काका, ती आतली सजावट..." मोठे साहेब म्हणाले.

"ओटा? खुर्ची? दार?" भावोजींचा आवाज चढला. "आमच्याकडे बोटभर फरक निघाला तर माल परत जायचा. इथे हातभर आहे! तुमचं कपाट तर माझ्या खांद्याला येतं. आणि या बाई म्हणतात, माल थोडा वेगळा यायचाच. नमुना म्हणजे दिलेला शब्द असतो, कळलं?"

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, सगळंच आखूड आहे! मोठं दिसावं म्हणून!"

आता एक बाई टेप मागू लागल्या. एका गृहस्थांनी कोचावर बसून पाहिलं आणि "अरेच्चा" म्हणाले. हसऱ्या बाईंचं हसू जागच्या जागीच होतं, पण आता ते कोणीतरी विसरून गेल्यासारखं दिसत होतं. मोठ्या साहेबांनी भावोजींचा हात धरला.

"काका, हळू. तुमचं म्हणणं तरी काय आहे?"

"म्हणणं एवढंच. ज्यांनी नमुना पाहून पसंत केला, त्यांना नमुन्याबरहुकूम माल मिळाला पाहिजे."

"मिळेल."

"हुबेहूब?"

"हुबेहूब. तुमच्या फ्लॅटमध्ये अस्संच करून देतो. सुईचाही फरक नाही. पण आता आवाज जरा..."

"शब्द?"

"शब्द."

भावोजींनी त्यांचा हात हातात घेऊन जोरात हलवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय झालं ते आजोबांनी विचारलं. "जिंकले!" आजींनी सांगितलं. भावोजी विजयी मुद्रेने वळले आणि सॅम्पल फ्लॅटच्या दाराची चौकट त्यांच्या कपाळाला लागली.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. ताई मागे बसून हसत होती, आरशात मला दिसत होती. लग्नाच्या फोटोतसुद्धा ती एवढी हसलेली नाही. बऱ्याच वेळाने भावोजी म्हणाले,

"म्हणजे माझे पाय बाहेर राहणार."

"तुम्हीच मागून घेतलंत," मी म्हणालो.

"तत्त्वाचा प्रश्न होता, मेहुणे."

"मग तत्त्वावर पाय ठेवा," ताई मागून म्हणाली.

पुढच्या हंगामात त्यांनी मुक्काम हलवला. मोठ्या साहेबांनी शब्द पाळला होता, अगदी सुईपर्यंत. पाऊणपट ओटा, पाऊणपट पलंग, पाऊणपट दारं. टीव्ही पुठ्ठ्याचा. पुस्तकांच्या नुसत्या पाठी. लिंबं ओट्याला चिकटवलेली. नळाला पाणी नव्हतं, कारण नमुन्यातही नव्हतं. आणि समुद्राकडच्या खऱ्या खिडकीवर समुद्राचा फोटो ठोकलेला, मागून दिवा लावलेला.

नळाला ताईने पहिल्याच दिवशी पाणी आणवलं. बाकी फारसं काही बदललं नाही. फोटो काढायचा का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "राहू दे, ऊन येत नाही." नीट निरखून पाहिलं तर फोटोत पलीकडचा काठ दिसतो आणि त्यावर एक गाय उभी आहे. म्हणजे ते तळं असावं. मी बोललो नाही. भावोजी रोज संध्याकाळी पुठ्ठ्याच्या टीव्हीसमोर बसतात. सध्याच्या कार्यक्रमांपेक्षा बरं, म्हणतात.

पण ताईचं बघावं. घरभर ती अशी वावरायची की जणू भिंतींनी तिला आधी विचारून जागा घेतली आहे. खुर्चीत बसली की पावलं सपाट. पिशवीतली बीजगणिताची पुस्तकं सोडवून तिने कपाटात लावली, नुसत्या पाठींच्या शेजारी. त्या कपाटात आत काहीतरी असलेली तेवढीच. मी गेलो की ती मला उगाच डबे काढून दाखवायची. "हा बघ, तांदूळ. ही बघ, साखर." चहात साखर दोनदा पडायची, पण कोण बोलणार?

भावोजींचे मात्र हाल होते. कपाळावर चौकटीच्या उंचीवर एक कायमची रेघ उमटली होती. आणि दिवसभर कोणी हाक मारत नव्हतं. एकदा त्यांनी हळूच साखरेचा डबा कपाटाच्या डोक्यावर नेऊन ठेवला आणि पेपर उघडून बसले. ताई आली, हात वर केला, डबा घेऊन गेली. भावोजींनी पेपर मिटला.

झोपेचं तर विचारूच नका. ज्या माणसाने दुसऱ्यांच्या झोपेसाठी आयुष्य आडवं घातलं, त्याचे पाय गुडघ्यापासून अधांतरी. शेवटी त्यांना एक गोष्ट आठवली. सामानात ते जुनं स्टूल आलं होतं, ताई पूर्वी ज्यावर चढायची ते. तिने ते टाकून द्यायला काढलं होतं. भावोजींनी ते पलंगाच्या पायथ्याशी लावलं आणि पाय त्यावर ठेवून झोपून पाहिलं.

मी त्या दिवशी तिथेच होतो. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले.

"टाचा वर राहतात. स्टूल दोन बोटं उंच आहे."

आत गेले, कुठूनतरी एक करवत घेऊन आले. स्टूल उलटं केलं, पेन्सिलीने खुणा केल्या आणि जमिनीवर बसून पाय कापायला लागले. आवाज ऐकून ताई स्वयंपाकघरातून आली.

"काय चाललंय?"

"पाय कापतोय."

"कोणाचे?"

"स्टुलाचे. दोन बोटं जास्त आहेत."

लाकडाचे चार छोटे तुकडे टप टप खाली पडले. भावोजींनी स्टूल सरळ करून पलंगाला लावलं. बरोब्बर बसलं. ताई ते तुकडे बघत उभी राहिली. मग तिने एक उचलला.

"असे कापता येतात?"

"लाकूडच आहे."

"खुर्चीचे पण?"

"खुर्चीचे पण."

"आणि ओटा खाली घ्यायचा असला तर?"

"त्याला सुतार लागतो," भावोजी भुसा झटकत म्हणाले. "एक दुपार जाते."

ताई खुर्चीत बसली. पावलं सपाट टेकली. ती गणिताची बाई. उत्तर आलं तरी एकदा पडताळून बघितल्याशिवाय बोलायची नाही.

"मग तिकडे का नाही कापलेत? इतकी वर्षं?"

"तू 'कापा' कुठे म्हणालीस? तू 'अहो' म्हणायचीस," भावोजी म्हणाले. "मी यायचो."

ताईने तुकडा खाली ठेवला.

"करवत नवीन घेतलीत?"

"छे. आपली तिकडचीच. संसार मांडला तेव्हापासून आहे."

"मी कशी कधी पाहिली नाही?"

करवत वरच्या फळीवर होती.